श्रीरामपूरचा डावखुरा : झहीर खानची जडणघडण

नगर-मनमाड रस्त्याने राहात्याकडे जाताना बाभळेश्वरचा चौक लागतो. येथून पूर्वेकडे वळणारा रस्ता श्रीरामपूरला जातो, तर पश्चिमेकडचा लोणी-प्रवरानगरमार्गे संगमनेरला. पूर्वेच्या रस्त्याच्या टोकाला झहीर खानचे घर होते आणि पश्चिमेच्या रस्त्यावर ज्या शिक्षणसंस्थेतून तो अभियंता होऊन बाहेर पडायचा होता ती संस्था. त्याने दोन्ही सोडून मुंबई गाठली आणि पुढे कसोटी क्रिकेटमध्ये ३११ बळी घेतले. भारताच्या दुसऱ्या कोणत्याही डावखुऱ्या वेगवान गोलंदाजाला हा आकडा गाठता आलेला नाही.

झहीरचा जन्म ७ ऑक्टोबर १९७८ रोजी श्रीरामपूर येथे, तेव्हाच्या अहमदनगर आणि आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात झाला. वडील बख्तियार खान छायाचित्रकार, आई झाकिया शिक्षिका. तीन भावांत झहीर मधला. प्राथमिक शिक्षण हिंद सेवा मंडळाच्या मराठी शाळेत आणि माध्यमिक शिक्षण के. जे. सोमय्या विद्यालयात झाले. मराठी तो अस्खलित बोलतो, याचे मुंबईच्या पत्रकारांना सुरुवातीला अप्रूप वाटत असे. श्रीरामपूरकरांना त्यात नवल वाटण्यासारखे काहीच नव्हते.

श्रीरामपूर हे ऊस आणि रेल्वे यांनी घडवलेले गाव. गावाच्या रेल्वे स्थानकाची पाटी आजही 'बेलापूर' अशीच आहे. बाजारपेठ मोठी, शाळा चांगल्या, मैदानेही होती. मात्र वेगवान गोलंदाज घडवणारी कोणतीही व्यवस्था या परिसरात नव्हती. तालुक्याच्या गावी मुले टेनिस बॉलने खेळतात. त्या चेंडूला शिवण नसते, तो हवेत वळत नाही, खेळपट्टीवर पडून फार काही करत नाही. त्यामुळे ज्याच्या अंगात जोर आहे तो नुसता जोरात टाकतो. झहीरही तेच करत होता. मुंबई, दिल्ली वा बंगळूरचा मुलगा बाराव्या-तेराव्या वर्षी चामड्याच्या चेंडूची शिवण बोटांत धरायला शिकतो. झहीरच्या वाट्याला हे शिक्षण फार उशिरा आले आणि त्याची पुढची सारी कारकीर्द या उशिराची भरपाई करण्यात गेली, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये.

अभ्यासात तो बरा होता. १९८३ नंतर राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांचे दार उघडले आणि सहकारी साखर कारखान्यांच्या परिसरात ती उभी राहिली. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखानदारीचा पाया घातला ते लोणी-प्रवरानगर, जे आज राहाता तालुक्यात येते, त्यात अग्रभागी होते. यंत्र अभियांत्रिकीची जागा मिळणे म्हणजे घराचा प्रश्न सुटणे, अशी त्या काळी या भागातील मध्यमवर्गाची धारणा होती आणि ती चुकीचीही नव्हती. झहीरने प्रवरानगरची वाट धरली होती. ती सोडायला लावणारा माणूस मात्र घरातलाच निघाला. देशात अभियंते पुष्कळ आहेत, तू वेगवान गोलंदाज हो, असा सल्ला वडिलांनीच दिला. आपल्याकडे खेळाडूंच्या चरित्रांत खेळाला विरोध करणारे वडील नेहमी भेटतात. येथे शिक्षणाचे मोल जाणणाऱ्या घरातील बापानेच पदवीवर पाणी सोडायला सांगितले, तेही मुलाला शास्त्रशुद्ध मार्गदर्शनाचा गंध नसताना.

वयाच्या सतराव्या वर्षी, १९९६च्या सुमारास, झहीर वडिलांबरोबर मुंबईत आला. क्रॉस मैदानावरील नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये त्याला पाहणारे प्रशिक्षक होते सुधीर नाईक. नाईक हे भारताचे माजी सलामीवीर. अनेक मोठे खेळाडू कसोटी दौऱ्यावर असताना १९७०-७१च्या मोसमात मुंबईला रणजी करंडक जिंकून देणारे कर्णधार ही त्यांची आणखी एक ओळख. त्यांना या मुलात वेग दिसला, उंची दिसली आणि डावा हात दिसला. त्या काळी भारतात डावखुरा वेगवान गोलंदाज ही दुर्मीळ गोष्ट होती. करसन घावरी निवृत्त होऊन दीड दशक लोटले होते आणि कसोटीत शंभर बळींचा टप्पा ओलांडलेले भारताचे ते एकमेव डावखुरे वेगवान गोलंदाज होते.

मुंबईतील दिवस हलाखीचे गेले. रुग्णालयात काम करणाऱ्या एका नातेवाईक महिलेच्या लहानशा खोलीत त्याने मुक्काम केला. उशी-पांघरुणाचीही वानवा होती, हे त्याने पुढे स्वतःच सांगितले आहे. नाईक यांनी त्याला मफतलालमध्ये नोकरी मिळवून दिली आणि दोन वेळच्या जेवणाची चिंता मिटली. क्लब क्रिकेटमध्ये एका अंतिम सामन्यात त्याने ७ बळी घेतले आणि मुंबई व पश्चिम विभागाच्या १९ वर्षांखालील संघांची दारे उघडली. याच सुमारास एमआरएफ पेस फाउंडेशनचे टी. ए. शेखर यांची नजर त्याच्यावर पडली.

चेन्नईच्या या संस्थेची सूत्रे डेनिस लिली यांच्याकडे होती. झहीरने गोलंदाजीची बाराखडी खऱ्या अर्थाने येथे गिरवली. मनगटाची स्थिती, शिवणेची दिशा, पुढच्या पायावरचा भार या गोष्टी अनेकांना लहानपणीच अंगवळणी पडतात. त्याला त्या विशीच्या उंबरठ्यावर जाणीवपूर्वक शिकाव्या लागल्या. जी गोष्ट आपण उमगून शिकतो, ती बिघडली तर दुरुस्तही करता येते. पुढे २००६ मध्ये याचा प्रत्यय आला.

मुंबईच्या रणजी संघात त्याला जागा मिळाली नाही. बडोद्याने ती दिली आणि १९९९-२०००च्या मोसमात त्याने प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये पदार्पण केले. पुढच्याच मोसमाच्या अंतिम सामन्यात रेल्वेविरुद्ध त्याने ८ बळी घेतले. त्यांपैकी अखेरच्या डावातील ४३ धावांत ५ बळी निर्णायक ठरले. बडोदा २१ धावांनी जिंकला आणि १९५७-५८ नंतर प्रथमच रणजी करंडक त्या शहरात गेला. मुंबईच्या निवड समितीने या सामन्याचा धावफलक कसा वाचला असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

तोवर झहीर भारतीय संघात पोहोचलाही होता. बंगळूरच्या राष्ट्रीय क्रिकेट अकादमीच्या पहिल्या तुकडीतून तो थेट नैरोबीला गेला. सामनेनिश्चितीच्या प्रकरणाने भारतीय क्रिकेटची लाज गेली होती आणि सौरव गांगुलीच्या हाती नवा संघ आला होता. ३ ऑक्टोबर २००० रोजी केनियाविरुद्ध झहीर आणि युवराजसिंग यांनी एकाच सामन्यात पदार्पण केले. झहीरने ४८ धावांत ३ बळी घेतले. चारच दिवसांनी, ७ ऑक्टोबरला, उपांत्यपूर्व फेरीत समोर विश्वविजेता ऑस्ट्रेलियाचा संघ होता. त्या दिवशी झहीर बावीस वर्षांचा झाला. युवराजच्या ८४ धावांनी भारताने आव्हान उभे केले होते. झहीरच्या यॉर्करने स्टीव्ह वॉचा त्रिफळा उडाला. भारत २० धावांनी जिंकला. आपला वेगवान गोलंदाज ऑस्ट्रेलियाच्या कर्णधाराच्या यष्ट्या यॉर्करने उडवतो, हे दृश्य भारतीय प्रेक्षकाला तोवर अपरिचितच होते. पुढच्याच महिन्यात, १० नोव्हेंबरला, ढाका येथे बांगलादेशाच्या पहिल्यावहिल्या कसोटीत त्याने कसोटी पदार्पण केले.

पुढच्या पाच वर्षांत चढही आले आणि उतारही. २००३च्या विश्वचषकात त्याने १८ बळी घेतले. सेंच्युरियनवर न्यूझीलंडविरुद्ध ४२ धावांत ४ बळी ही त्यातील उत्तम कामगिरी. मात्र लोकांच्या स्मरणात राहिले ते २३ मार्च २००३ रोजी जोहान्सबर्गला अंतिम सामन्यात त्याने टाकलेले पहिले षटक. या षटकात १५ धावा गेल्या. ऑस्ट्रेलियाने २ बाद ३५९ धावा केल्या आणि पराभवाचे खापर बराच काळ त्या एका षटकावर फुटत राहिले. सात षटकांत ६७ धावा देऊन बळी नाही, हे आकडे वाईट आहेत यात वाद नाही. तथापि, ज्या दिवशी रिकी पाँटिंगने नाबाद १४० धावा केल्या, त्या दिवसाचा दोष एकाच्या माथी मारणे हा अन्यायच होता.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ब्रिस्बेन कसोटीत त्याने ९५ धावांत ५ बळी घेतले आणि लगेच मांडीच्या स्नायूने दगा दिला. दुखापतींची मालिका सुरू झाली. डिसेंबर २००४ मध्ये ढाक्यात तो चमकला तोही फलंदाज म्हणून. सचिन तेंडुलकरच्या साथीने अखेरच्या जोडीसाठी १३३ धावा जोडताना त्याने ७५ धावा केल्या. अकराव्या क्रमांकावरील फलंदाजाचा तो तेव्हाचा कसोटी विक्रम होता आणि २०१२ मध्ये टिनो बेस्टने तो मोडेपर्यंत अबाधित राहिला. गोलंदाजीत मात्र धार उरली नव्हती. इरफान पठाण, आर. पी. सिंग असे तरुण डावखुरे पुढे आले होते. २००५च्या अखेरीस मंडळाने करारात त्याला 'ब' श्रेणीतून 'क' श्रेणीत उतरवले. झहीर संपला, असे तेव्हा अनेकांनी लिहिले.

२००६च्या उन्हाळ्यात तो वूस्टरशायरकडून कौंटी क्रिकेट खेळायला गेला. त्याच्या कारकिर्दीतील सर्वांत महत्त्वाचे वर्ष कोणते, असा प्रश्न विचारला तर विश्वविजयाचे २०११ हे उत्तर सहज येईल. प्रस्तुत लेखकाच्या मते ते २००६ आहे. कौंटीत आठवड्यामागून आठवडे, थंडीत, मोजक्या प्रेक्षकांसमोर गोलंदाजी करावी लागते. झहीरने रन-अप आखूड केला, चेंडू टाकण्यापूर्वीची उंच उडी कमी केली आणि वेगाचा थोडा त्याग करून नियंत्रण मिळवले. पदार्पणाच्याच सामन्यात त्याने १० बळी घेतले; वूस्टरशायरच्या खेळाडूने पदार्पणात असा पराक्रम करण्याची शंभरहून अधिक वर्षांतील ही पहिलीच वेळ होती. एसेक्सविरुद्ध एका डावात १३८ धावांत ९ बळी मिळवले. मोसमाअखेर त्याच्या नावावर ७८ बळी होते. श्रीरामपूरहून निघालेला जोरात चेंडू टाकणारा मुलगा आता विचार करून चेंडू टाकणारा गोलंदाज झाला होता. नवा चेंडू दोन्ही बाजूंना वळवायचा, जुना झाला की रिव्हर्स स्विंग करायचा आणि फलंदाजाला शेवटपर्यंत चेंडूची चकाकी दिसू नये म्हणून धावत येताना तो दुसऱ्या हाताने झाकायचा, अशी सारी सामग्री आता त्याच्याजवळ होती.

इंग्लंडला याचा पहिला तडाखा बसला. जुलै २००७ मध्ये नॉटिंगहॅमच्या ट्रेंट ब्रिजवर तो फलंदाजीला आला असता खेळपट्टीवर जेली बीन्स या गोळ्या पडलेल्या आढळल्या. यजमान खेळाडूंचा तो विनोद होता. झहीर संतापला आणि दुसऱ्या डावात त्याने ७५ धावांत ५ बळी घेतले. सामन्यात एकूण ९. भारताने कसोटी ७ गडी राखून जिंकली आणि पुढे मालिकाही. १९८६ नंतर इंग्लंडच्या भूमीवर भारताचा हा पहिलाच कसोटी मालिका विजय होता. झहीरचे मालिकेतील बळी १८. गोळ्यांची गोष्ट चवीने सांगितली जाते; परंतु राउंड द विकेट येऊन डावखुऱ्या अँड्र्यू स्ट्रॉस आणि अॅलिस्टर कुक यांना त्याने ज्या शिस्तीने जखडले, ती पाहण्याजोगी गोष्ट होती. डावखुरे सलामीवीर हे त्याचे हक्काचे गिऱ्हाईक. दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार ग्रॅमी स्मिथ आंतरराष्ट्रीय सामन्यांत वारंवार त्याला बाद झाला.

२०११च्या विश्वचषकापूर्वी त्याने बोटांच्या सांध्यांत चेंडू धरून टाकण्याचा 'नकल बॉल' तयार केला. उपांत्यपूर्व सामन्यात अहमदाबादला माईक हसीचा त्रिफळा याच चेंडूने उडाला. स्पर्धेत झहीरने २१ बळी घेतले आणि शाहिद आफ्रिदीसह तो सर्वाधिक बळींचा मानकरी ठरला. २ एप्रिलला वानखेडे स्टेडियमवर अंतिम सामन्यात त्याच्या पहिल्या पाच षटकांपैकी तीन निर्धाव होती; ६ धावांत १ बळी. अखेरच्या षटकांत श्रीलंकेने त्याला झोडपले आणि ६० धावांत २ बळी असा हिशेब झाला, तरी जोहान्सबर्गचे ते पहिले षटक आता कोणी काढणार नव्हते. त्या दिवशीची खेळपट्टी तयार केली होती सुधीर नाईक यांनी. क्रॉस मैदानावर ज्यांनी त्याला पहिल्यांदा पाहिले, तेच वानखेडेचे क्युरेटर होते. नाईक यांचे ५ एप्रिल २०२३ रोजी निधन झाले.

विश्वविजयानंतर शरीराने साथ सोडली. जुलै २०११ मध्ये लॉर्ड्सवर दोन्ही सलामीवीरांना बाद केल्यावर पहिल्याच दिवशी त्याचा स्नायू दुखावला. भारताने ती मालिका ०-४ अशी गमावली. त्याच्या अखेरच्या कसोटीत मात्र आपल्या जिल्ह्यासाठी एक योग जुळून आला. फेब्रुवारी २०१४ मध्ये वेलिंग्टनला झहीरने दुसऱ्या डावात ५ बळी घेतले आणि त्याच सामन्यात अजिंक्य रहाणेने ११८ धावांची खेळी करून पहिले कसोटी शतक साजरे केले. रहाणेचा जन्म आश्वी खुर्दचा. हे गाव संगमनेर तालुक्यात असले तरी लोणीपासून जवळच आहे.

१५ ऑक्टोबर २०१५ रोजी झहीरने आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून निवृत्ती जाहीर केली. ९२ कसोटींत ३११ आणि, आशिया एकादशचे सामने धरून, २०० एकदिवसीय सामन्यांत २८२ बळी अशी त्याची नोंद आहे. निवृत्तीच्या वेळी कसोटीत भारताच्या वेगवान गोलंदाजांत केवळ कपिलदेव त्याच्या पुढे होते. पुढे ईशांत शर्माने ३११ बळींची बरोबरी केली, पण त्यासाठी त्याला १०५ कसोटी लागल्या. २०११ मध्ये अर्जुन पुरस्कार आणि २०२० मध्ये पद्मश्री हे सन्मान त्याला लाभले. नंतर मुंबई इंडियन्सच्या व्यवस्थापनात त्याने काम केले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये लखनौ सुपर जायंट्सने त्याची मार्गदर्शक म्हणून नियुक्ती केली.