मुंबईतून गेलेली सहा गाणी

आजचा भाग थोडा वेगळा आहे. एरवी आपण एखादा किल्ला, एखादी गिरणी, एखादा संप घेऊन बसतो. आज मी माझ्या आवडीची सहा गाणी घेऊन बसलेय. पॉप आणि रॉक. घाबरू नका, सांगणार इतिहासच आहे. हक्कांच्या भानगडीमुळे गाणी इथे वाजवता येत नाहीत, म्हणून प्रत्येकाचं नाव नीट सांगते. पॉज करा, ऐका आणि परत या. मागे अधूनमधून धडधड ऐकू आली तर ती हार्बर लाइनची लोकल. वडाळ्यात राहून रेकॉर्डिंग करायचं म्हटलं की ती असतेच.

यादीचा नियम एकच. प्रत्येक गाणं मुंबईच्या, फार तर महाराष्ट्राच्या, हातातून गेलेलं हवं. का? कारण परळ-लालबाग-वडाळा पट्ट्यात इंग्रजी गाणी ऐकणाऱ्याला दोन्हीकडून ऐकून घ्यावं लागतं. घरचे म्हणतात, "हे काय लावलंयस? आपल्याला काय कळतं त्यातलं?" आणि कॉलेजात टाउनकडची मुलं विचारतात, "तू हे ऐकतेस?" दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच: हे तुझं नाही. मला ते कधीच पटलं नाही. का पटलं नाही, ते आज सांगते.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. रॉक मुंबईत जन्मलं असलं काही मी म्हणणार नाही. त्याची मुळं अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लूजमध्ये आणि गॉस्पेलमध्ये आहेत. पण गाणं जिथे जन्मतं तिथेच थोडंच राहतं? ते हातोहात फिरतं.

गाणं पहिलं: 'जान पहचान हो', १९६५

"हे तर हिंदी आहे!" हो, आहे. 'गुमनाम' सिनेमातलं, शंकर-जयकिशनचं संगीत, रफीसाहेबांचा आवाज. पण पडद्यावर वाजवतायत ते टेड लायन्स अँड हिज कब्ज, मुंबईतला खराखुरा बीट ग्रुप. आणि डोळ्यांवर मुखवटा लावून बेभान नाचतेय ती लक्ष्मी छाया.

थोडं मागे जाऊ. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा कट्टर चाहता. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून हिंदी चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काय केलं? रेडिओचा काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावलं. तिथे हिंदी गाणी तर होतीच, शिवाय इंग्रजी विभागात पाश्चात्त्य गाणीही लागायची. म्हणजे लोकांच्या कानांना वळण लावायला घेतलेल्या निर्णयाने तेच कान आणखी लांब नेले.

त्यात सिनेमाच्या वाद्यवृंदांत गोव्याचे वादक. चर्चच्या शाळांत नोटेशन शिकलेले, जॅझ वाजवून पोट भरणारे. ट्विस्ट आणि रॉक अँड रोल आपल्या सिनेमात सहज आलं ते त्यांच्यामुळे. १९६५ मध्येच 'भूत बंगला'मध्ये 'आओ ट्विस्ट करें' आलं, ते चबी चेकरच्या 'लेट्स ट्विस्ट अगेन'वरून.

पण 'जान पहचान हो'ची खरी गंमत पुढे आहे. २००१ मध्ये 'घोस्ट वर्ल्ड' नावाचा अमेरिकन सिनेमा आला. त्याची सुरुवातच या गाण्याने होते. एक मुलगी आपल्या खोलीत हे गाणं लावून एकटीच नाचते. तिकडच्या कितीतरी तरुणांनी ते पहिल्यांदा तिथे ऐकलं. शब्द न कळता त्यांना ते आपलं वाटलं. मग आपल्यालाच का विचारतात, "कळतं का?"

गाणं दुसरं: 'द इनर लाइट', १९६८

बीटल्सचं. जानेवारी १९६८ मध्ये जॉर्ज हॅरिसन मुंबईत आला, 'वंडरवॉल' सिनेमाचं संगीत ध्वनिमुद्रित करायला. जागा होती फोर्टमधला एचएमव्हीचा स्टुडिओ. स्टिरिओसाठी दोन ट्रॅकचं यंत्र कोलकात्याहून आणावं लागलं. भिंतींमधून रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज आत यायचा. हे वाचल्यावर माझ्या लोकलचा मला राग येईनासा झाला.

सिनेमाचं काम चालू असतानाच आणखी एका गाण्याची वाद्यं वाजवून घेतली गेली: सरोद, बासरी, पखवाज, हार्मोनियम. जॉर्जने आपला आवाज त्यावर नंतर लंडनमध्ये चढवला. शब्दांचा आधार चीनच्या 'ताओ ते चिंग'चा. मार्च १९६८ मध्ये 'लेडी मॅडोना'च्या तबकडीच्या मागच्या बाजूला हे गाणं आलं. बीटल्सच्या सिंगल रेकॉर्डवर आलेलं जॉर्जचं हे पहिलंच गाणं.

मला ते आवडतं कारण ते अवघ्या अडीच मिनिटांत संपतं आणि कुठेही मिरवत नाही. हेडफोन लावून फक्त बासरीच्या मागे जा. आवाजाला ती उत्तर देते ते ऐका.

गाणं तिसरं: 'फोर स्टिक्स', मुंबईतलं

लेड झेपेलिन. मूळ गाणं १९७१ च्या अल्बममध्ये आहे. ड्रमर जॉन बॉनहॅमने दोन्ही हातांत दोन-दोन काठ्या धरून ते वाजवलं, म्हणून हे नाव. पाच आणि सहा मात्रांची त्यात सतत ये-जा आहे. हात मोजत ऐकाल तर चुकाल, मी हमी देते.

१९७२ मध्ये जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट मुंबईत आले आणि इथल्या वादकांना घेऊन 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' पुन्हा ध्वनिमुद्रित केली. त्याच मुक्कामात कुलाब्याच्या स्लिप डिस्क नावाच्या क्लबात दोघं वाजवूनही गेले. जगातला त्या वेळचा सगळ्यात मोठा बँड, आणि समोर एका छोट्या क्लबात मावतील एवढीच माणसं!

ती ध्वनिमुद्रणं अधिकृतपणे बाहेर आली २०१५ मध्ये, 'कोडा' अल्बमच्या वाढीव आवृत्तीत. त्रेचाळीस वर्षांनी. श्रेय दिलंय 'बॉम्बे ऑर्केस्ट्रा'ला. एवढंच. वाजवणाऱ्यांची नावं श्रोत्याला त्यातून कळत नाहीत. दिवसभर सिनेमाची गाणी वाजवून लोकलने घरी जाणाऱ्या वादकांचं हे नेहमीचं नशीब. म्हणून हे गाणं ऐकताना मला आनंद होतो आणि थोडा रागही येतो.

गाणं चौथं: 'बोहेमियन रॅप्सडी', १९७५

हे नसतं तर तुम्ही मला सोडलं नसतं. यावर पटकन बोलते, कारण सिनेमा सगळ्यांनी पाहिलाय. फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे फारुख बुलसारा, झांझिबारमधल्या पारशी घरातला. शाळेसाठी तो पाचगणीला, सेंट पीटर्समध्ये होता. तिथे पोरांनी 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. त्यात फ्रेडी पियानोवर होता, मुख्य गायक दुसराच मुलगा! मोठेपणी मुलाखतींत फ्रेडी या वर्षांबद्दल फारसं बोलला नाही. "हे तुझं नाही" ही भीती त्यालाही ठाऊक असावी, असं मला आपलं वाटतं. गाण्यातला पियानो ऐकताना मला मात्र पाचगणीचं धुकं दिसतं.

गाणं पाचवं: 'मॅक द नाइफ'

आता माझ्या सगळ्यात आवडत्या माणसाकडे येऊ. १९२८ मध्ये बर्लिनमध्ये ब्रेख्टचं 'थ्री पेनी ऑपेरा' रंगमंचावर आलं, संगीत कुर्ट वाइलचं. त्यातल्या गुंडाचं गाणं पुढे अमेरिकेत पोचलं. १९५९ मध्ये बॉबी डॅरिनने ते गायलं आणि ते पॉपचं प्रचंड हिट झालं. डॅरिनचंच ऐका.

आणि मग? मग १९७८ मध्ये तेच नाटक मराठीत आलं: 'तीन पैशाचा तमाशा'. रूपांतर पु. ल. देशपांड्यांचं, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, संस्था पुण्याची थिएटर अकॅडमी. त्या गुंडाचं नाव झालं अंकुश, आणि अंकुश झाला नंदू भेंडे. मराठी रंगभूमीवर रॉकचा आवाज उभा राहिला तो असा. लावणी, नाट्यसंगीत आणि रॉक एकाच नाटकात, आणि प्रेक्षक तिकिटं काढून येत होते.

नंदू भेंडे म्हणजे आत्माराम भेंड्यांचा मुलगा. आई आशा भेंडे, पूर्वाश्रमीच्या लिली इझिकेल, कवी निस्सिम इझिकेल यांच्या भगिनी. घरात मराठी फार्सही आणि इंग्रजी कविताही. १९७४ मध्ये अलेक पदमसींनी मुंबईत 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' केलं, त्यात नंदू ज्युडास होता. पुढे 'डिस्को डान्सर'मध्ये पार्श्वगायन केलं. २०१४ मध्ये गेला. मराठी आणि रॉक यांतलं एक निवड, असं त्याला कुणी म्हटलं असेल तर त्याने ते ऐकलेलं दिसत नाही.

गाणं सहावं: 'प्रिटी चाइल्ड', रॉक मशीन

१९८४ मध्ये मुंबईत उभा राहिलेला बँड. गायक उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर. त्या काळी बँडने परदेशी गाणी हुबेहूब वाजवावीत अशीच अपेक्षा असायची. यांनी हट्टाने स्वतःची गाणी लिहिली. १९८८ मध्ये 'रॉक अँड रोल रेनिगेड' हा अल्बम आला, १९९३ मध्ये बँडचं नाव झालं 'इंडस क्रीड'. 'प्रिटी चाइल्ड' ऐका, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. हे आपल्याच शहरातलं आहे हे लक्षात ठेवून ऐका, वेगळं लागतं.

ही गाणी आपल्या पट्ट्यात पोचायची कशी? परदेशी रेकॉर्ड महाग, आयातीवर निर्बंध. काळ्या घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये जाऊन ऐकता यायचं, पण घ्यायला पैसे कुठे? मग कॅसेट. साठ मिनिटांची कोरी कॅसेट, प्रत्येक बाजूला तीस मिनिटं. कागदावर गाण्यांची यादी लिहून रेकॉर्डिंगवाल्याकडे द्यायची. शेवटचं गाणं मध्येच तुटू नये म्हणून आधी मिनिटांची बेरीज करायची. आमच्या इमारतीतला एक दादा कव्हरच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरात टिपणं लिहायचा, मराठीत: "इथे ड्रम ऐक", "हे रात्री लाव". माझं पहिलं संगीतशिक्षण ते.

आणि प्रत्यक्ष ऐकायचं तर धोबी तलावचं रंगभवन. उघड्यावरचं थिएटर, सीएसएमटीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. १९८६ मध्ये फरहाद वाडियांनी 'इंडिपेन्डन्स रॉक' सुरू केलं, आणि तो मेळा वर्षानुवर्षं इथेच भरला. पण आजूबाजूला रुग्णालयं आणि कॉलेज. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी अशा जागांभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरवता येऊ लागला, आणि रंगभवनातलं संगीत थांबलं. रुग्णांना शांतता हवीच, त्यावर वाद नाही. पण त्या बदल्यात हार्बरच्या पासवर पोचता येईल अशी दुसरी जागा कुणी दिली नाही. मैफली महाग मैदानांवर गेल्या. २०१६ मध्ये ऱ्हिदम हाउसही बंद झालं.

आज मोबाइलवर सगळं आहे. 'फोर स्टिक्स'चं मुंबईतलं ध्वनिमुद्रण त्रेचाळीस वर्षं कपाटात पडून होतं, तुम्ही ते दहा सेकंदांत लावाल. ही चांगलीच गोष्ट आहे. फक्त ॲप पुढचं गाणं लावतं तेव्हा "इथे ड्रम ऐक" असं सांगत नाही. आणि "हे तुझंही आहे" हे तर माणसानेच सांगावं लागतं.

तर आजचा गृहपाठ. सहांतलं एक गाणं निवडा आणि कुणाला तरी पाठवा. नुसती लिंक नको, सोबत दोन ओळी लिहा: काय ऐकायचं, कुठल्या मिनिटाला, तुम्हाला ते का आवडलं. मराठीतच लिहा. घरच्यांपैकी कुणाला पाठवलंत तर फारच छान. आणि तुमचं सातवं गाणं आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात!