बुडीत मजुरी : मराठवाड्यातील स्त्रीशिक्षण, स्त्री-आरोग्य आणि अनुशेषाचा हिशोब

मराठवाड्याच्या मागासलेपणाची चर्चा बहुधा ‘अनुशेष’ या शब्दाभोवती होत आलेली आहे. शाळा किती कमी, रस्ते किती कमी, दवाखाने किती कमी, याची मोजदाद करून ती उणीव रुपयांत मांडावयाची, अशी ही पद्धती होय. प्रस्तुत लेखात हाच हिशोब स्त्रियांच्या बाजूने तपासावयाचा आहे. संस्था उभी राहिली तरी स्त्री तिच्यापर्यंत पोहोचतेच असे नाही. मधले अंतर कोणत्या खर्चाने निर्माण होते आणि तो खर्च शासनाच्या वहीत केव्हा नोंदला गेला, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

निजामी राजवटीपासून आरंभ करणे इष्ट ठरेल. हैदराबाद संस्थानात माध्यमिक शिक्षणाचे माध्यम प्रामुख्याने उर्दू होते, आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठानेही उर्दूचाच अंगीकार केला. मराठी घरातील मुलाने या भाषेसाठी कष्ट घ्यावेत यास कारण होते, कारण सरकारी नोकरीची वाट तिच्यातूनच जात असे. मुलीला ती वाट जवळजवळ बंदच होती. त्यामुळे तिच्या शिक्षणावरील खर्च आईबापांना निष्फळ वाटे. रूढीचा प्रभाव होताच. परंतु त्या रूढीला घरच्या जमाखर्चाचाही आधार मिळत गेला, असे म्हणावयास जागा आहे. औरंगाबादेत १९१५ साली सुरू झालेल्या सरस्वती भुवनसारख्या खाजगी प्रयत्नांनी ही कोंडी काही अंशी फोडली, पण अशा शाळांचा लाभ स्वाभाविकपणेच प्रथम शहरातील कुटुंबांस मिळाला.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाल्यानंतरचे दशक औरंगाबादच्या इतिहासात संस्थास्थापनेचे दशक ठरले. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने येथे महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय या नावाने प्रसिद्धीस आले. १९५६ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. उच्च शिक्षणासाठी हैदराबाद वा पुणे गाठण्याची गरज यामुळे कमी झाली. परंतु खेड्यातील मुलीचा प्रश्न त्याच्या फार अलीकडचा होता. तिला विद्यापीठापूर्वी आठवीचा वर्ग गाठावयाचा होता, आणि तो वर्ग पुष्कळदा दुसऱ्या गावी असे.

१९८३ साली नेमलेल्या दांडेकर समितीने पुढील वर्षी दिलेल्या अहवालात राज्याचा एकूण अनुशेष ३,१८६.७८ कोटी रुपये ठरविला. पैकी मराठवाड्याचा वाटा ७५०.८५ कोटींचा होता. प्रादेशिक अन्यायाची भाषा या अहवालामुळे आकड्यांवर आली, हे त्याचे मोठे श्रेय होय. मात्र समितीचा घटक जिल्हा होता आणि माप राज्याच्या सरासरीचे होते. जिल्ह्याची सरासरी सुधारली म्हणजे जिल्ह्याच्या आतील विषमता मिटली, असे होत नाही. २०११ च्या जनगणनेत औरंगाबाद जिल्ह्याची साक्षरता ७९.०२ टक्के भरली. यात पुरुषांचे प्रमाण ८७.३७ टक्के, तर स्त्रियांचे ७०.०८ टक्के होते. सतरा टक्क्यांहून अधिक असलेले हे अंतर केवळ सरासरी पाहणाऱ्यास दिसत नाही.

या दृष्टीने मानव विकास कार्यक्रमाचे महत्त्व विशेष आहे. राज्याचा पहिला मानव विकास अहवाल २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर २००६ साली १२ जिल्ह्यांतील २५ तालुक्यांत हा कार्यक्रम सुरू झाला, आणि त्याचे मुख्यालय औरंगाबादेस ठेवण्यात आले. २०११ साली तो २२ जिल्ह्यांतील १२५ तालुक्यांपर्यंत वाढविण्यात आला. तालुके निवडताना ग्रामीण स्त्रियांची साक्षरता आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांचे प्रमाण या दोन कसोट्या लावल्या गेल्या. म्हणजे घटक जिल्ह्यावरून तालुक्यावर आला आणि स्त्री हीच मोजमापाची कसोटी झाली. योजनांचे स्वरूपही त्यास अनुसरून होते. आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेपर्यंत मोफत बसप्रवास, शाळेपासून ५ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकली, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व दारिद्र्यरेषेखालील गर्भवती स्त्रियांना ४,००० रुपये ‘बुडीत मजुरी’, अशा तरतुदी केल्या गेल्या. बाळंतपणाच्या विश्रांतीलाही किंमत पडते आणि ती किंमत आजवर स्त्रीच आपल्या शरीराने भरीत आली आहे, याची शासनाने दिलेली ही कबुलीच म्हटली पाहिजे.

ही कबुली किती अपुरी आहे, हे शेजारच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजुरांकडे पाहिले असता ध्यानी येते. या व्यवसायात नवराबायकोची जोडी मिळून ‘एक कोयता’ धरण्याची रीत आहे. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती जोडीच्या नावाने. बाईच्या श्रमाचा स्वतंत्र हिशोब नसतो. खाडा झाला तर दंड मात्र जोडीवर बसतो. मासिक पाळी, आजार, गर्भारपण हे सारे अशा रीतीने आर्थिक नुकसान ठरते. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या कामाच्या वेळी बीडमधील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. हे प्रमाण शेकडा सुमारे १७ पडते. देशातील १५ ते ४९ वयोगटात ते शेकडा ३ च्या आसपास असल्याचे २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसून आले होते. खाजगी डॉक्टरांनी घातलेली कर्करोगाची भीती, फडावरील स्वच्छतेचा अभाव, अशी अन्य कारणेही सांगितली जातात. तथापि खाड्याची धास्ती त्या सर्वांच्या मुळाशी आहे. मुलींच्या शाळेचीही तीच गत होते. त्या धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी फडावर जातात, आणि नवा कोयता जोडीशिवाय होत नसल्याने त्यांची लग्नेही लवकर उरकली जातात.

८ जुलै २०२४ च्या निर्णयाने ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या मागास व दुर्बल घटकांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क राज्याने माफ केले, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु शुल्काचा प्रश्न महाविद्यालयाच्या दारापर्यंत पोहोचलेल्या मुलीपुढे उभा राहतो. फडावरच्या मुलीची वाट त्यापूर्वीच खुंटलेली असते. अनुशेषाचा हिशोब पुढे न्यावयाचा तर कोयत्याऐवजी बाई मोजली पाहिजे, तिची मजुरी तिच्या नावाने लिहिली गेली पाहिजे, आणि आजारपणाचा दिवस दंडाच्या रकान्यातून काढून हक्काच्या रकान्यात घातला पाहिजे. ‘बुडीत मजुरी’ हा शब्द शासनाच्याच दप्तरातला आहे. तो ऊसाच्या फडापर्यंत नेण्याचे काम अद्याप व्हावयाचे आहे.