मातीचे मावळे

परवा दिवाळीच्या तोंडावर नातवाला घेऊन जुन्नरच्या बाजारात गेलो होतो. किल्ल्यासाठी मावळे हवे होते. दुकानदाराने फायबरचे मावळे पुढ्यात मांडले. हा तानाजी, हा बाजीप्रभू, हा येसाजी. प्रत्येकाचा चेहरा वेगळा, पगडीचा पीळसुद्धा नेमका. नातू खूश झाला. मला मात्र आमचे मातीचे मावळे आठवले.

ते कुंभारवाड्यातून यायचे. साच्याच्या दोन भागांत माती दाबायची, दोन्ही अंगे जोडायची, वाळवून, भाजून रंगवायचे. सगळ्यांचे नाक-डोळे सारखेच. पहारेकरी बुरुजाएवढा उंच, तर वाघ गाईहून लहान. गवळण, शेतकरी, बैल यांनाही गडावर जागा असे. तलवार मोडली म्हणून मावळा कोणी टाकत नसे. तो त्या वर्षी जखमी होऊन पायथ्याच्या हळिवात पडून राही.

असाच बदल सातासमुद्रापलीकडेही झाला. मुलगे बाहुली घेणार नाहीत, म्हणून १९६४ मध्ये अमेरिकेतल्या हॅस्ब्रो कंपनीने आपल्या जी. आय. जो या बारा इंची सैनिकाला 'अ‍ॅक्शन फिगर' हे नवे नाव दिले. तो नुसता सैनिक होता, खलाशी होता, वैमानिक होता. १९८२ मध्ये तो जेमतेम पावणेचार इंचांचा झाला आणि प्रत्येक बाहुल्याला स्वतःचे नाव व माहितीचे कार्ड मिळाले. फनस्कूलमुळे ते बाहुले आपल्याकडेही आले.

नाव मिळाले की ओळख मिळते, हे खरेच. नातवाला येसाजी कंक कोण हे दुकानातच कळले. पण नावाबरोबर गोष्टही ठरून जाते. तानाजीने सिंहगडावरच लढायचे, बाजीप्रभूंनी खिंडीतच. आमच्या मावळ्याला असे बंधन नव्हते.

आम्ही जुन्नरची मुले बहुतेक शिवनेरीच करायचो आणि माथ्यावर महाराजांना सिंहासनावर बसवायचो. इतिहास मात्र वेगळा आहे. १६३० मध्ये महाराज या गडावर जन्मले. पण त्यांच्या बालपणीच गड मोगलांकडे गेला. १६५७ मध्ये त्यांनी जुन्नर शहर लुटले, गड हाती आला नाही. १६७३ चा प्रयत्नही फसला. शिवनेरी मराठ्यांकडे आला तो शाहू महाराजांच्या काळात. महाराजांना हयातीत जो गड मिळाला नाही, तो आमचे मातीचे मावळे दर दिवाळीला जिंकत होते!

याच गडावर कोळी चौथरा आहे. मोगलांविरुद्ध उठलेल्या महादेव कोळ्यांची तिथे डोकी उडवली, असे सांगतात. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत आजही त्यांची वस्ती आहे. २०२५ मध्ये शिवनेरी युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. पण चौथऱ्यावर मेलेल्या त्या माणसांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. दुकानात त्यांचे पुतळे कुठून मिळणार? सारख्या चेहऱ्याचा तो मातीचा मावळा त्यांच्यापैकी कोणीही असू शकत होता.

मी तानाजी घेतलाच. येताना कुंभाराकडून चार साधे मावळेही घेतले. नातवाने विचारले, "आजोबा, यांची नावं काय?"

म्हटले, "तूच ठेव."