शाळेच्या अंदाजपत्रकाची कथा

वणी जिल्ह्यास पुसद हा तालुका जोडला जाऊन १९०५ साली यवतमाळ जिल्हा सिद्ध झाला. १९४८ च्या कायद्याने मध्यप्रांत-वऱ्हाडात तहसीलवार जनपद सभा आल्या. पुढे आपल्याच जिल्ह्यातील गहुलीचे वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६१ साली अहवाल दिला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. खेड्यातील प्राथमिक शाळांचा खर्च शिक्षण समितीच्या व सभेच्या चर्चेचा विषय झाला.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने हा अधिकार थेट गावात आणला. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश पालक व निम्म्या स्त्रिया असाव्यात, आणि ज्यावर अनुदान अवलंबून असते तो विकास आराखडा त्यांनीच करावा, असे ठरले.

परंतु आमच्या नोकरीच्या अखेरच्या वर्षांत पालक सह्या करून शेतावर परतत आणि आराखडा आम्हीच लिहीत असू. घाई त्यांची होती, तसा दोष आमचाही होता. आम्ही त्यांस कधी आकडे वाचून दाखविले नाहीत.

म्हणून ज्ञातिबांधवांस व भगिनींस आमची नम्र विनंती एवढीच की, सत्कारसमारंभास जशी आपण आवर्जून उपस्थिती देता, तशीच शाळेच्या सभेसही द्यावी. आणि सही करण्यापूर्वी आकडे वाचावेत.