कागदी टोपीची किंमत

इंग्लंडमध्ये नाताळच्या जेवणाला क्रॅकर नावाची कागदी नळी दोघं दोन बाजूंनी ओढतात. आतून कागदी टोपी निघते. जेवण संपलं की ती कचऱ्यात.

२००१ च्या नाताळात अँड्र्यू आणि पॉल गावर या इंग्रज भावांच्या ‘रूनस्केप’ या ऑनलाइन खेळात असेच क्रॅकर वाटले गेले. टोपी घालून लढाईत काहीच फायदा नव्हता. कित्येकांनी ती फेकली. काहींनी खेळच सोडला, टोपी खात्यातच राहिली.

पुढच्या नाताळात सांताची टोपी आली, कागदी नाही. उरलेल्या टोप्यांची खरेदी-विक्री मात्र चालूच राहिली. पुढे निळ्या टोपीचा भाव २,१४,७४,८३,६४७ नाण्यांपलीकडे गेला. एका थैलीत तेव्हा त्याहून जास्त नाणी मावतच नव्हती!

जुन्या वस्तूंचं असंच असतं मित्रांनो. जपावंसं कुणालाच वाटलं नाही, म्हणूनच त्या दुर्मीळ झाल्या.