भिंतीआड आणि भिंतीबाहेर

वर्धा मार्गाने जाताना नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहाची भिंत आपण सर्वांनी पाहिली आहे. तिच्याआड गेलेला माणूस सुटल्यावर पुन्हा गुन्हा करतो की नाही, हीच तुरुंगाची खरी परीक्षा. कैद्याची सुधारणा हे तुरुंगाचे ध्येय असावे, असे १९१९-२० च्या भारतीय तुरुंग समितीनेही म्हटले होते. भिंत मात्र तशीच उभी राहिली.

ती भिंतच काढून पाहण्याचे धाडस १९३९ साली औंध संस्थानाने केले. मॉरिस फ्रिडमन या पोलिश अभियंत्याच्या कल्पनेतून आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसले. तेथे कैदी कुटुंबासह राहून शेती करू लागले. ‘दो आँखें बारह हाथ’ हा १९५७ चा चित्रपट याच प्रयोगावरून स्फुरला.

खुल्या तुरुंगात सद्वर्तनी कैदीच निवडून पाठवतात. तेव्हा तेथील अनुभव सरसकट सर्वांना लावता येणार नाही, हे मान्य. परंतु धाक पहारा असेतोवरच चालतो. पहारा उठल्यावर माणसाला सावरतात ते हातचे काम आणि घरची माणसे. स्वतंत्रपुराने हे दोन्ही धागे तुटू दिले नाहीत. सुटून आलेल्याला काम देणे मात्र तुरुंगाच्या नव्हे, तुमच्याआमच्या हाती आहे.