बाटली आडवी झाली, मग?

धर्मापुरीसारख्या गावातल्या बायकांना दारूचं दुकान बंद करायचं असेल, तर नियमांत वाट आहे: मतदान. चिन्हं दोन, उभी बाटली आणि आडवी बाटली. मेख अशी, की एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडवीला लागतात. म्हणजे जी घरी बसली, तिचं मत आपोआप उभीला! समजा, दुकान बंद झालं. रोज पिणाऱ्याचे हात दुसऱ्या दिवशी थरथरतात, तिसऱ्या दिवशी भास होऊ शकतात, कधी जीवही जातो. त्याला न्यायचं कुठं? व्यसन हा आजार मानून डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ सुरू केलं. गडचिरोलीत दारूबंदी १९९३ची. तालुक्यातालुक्यांत उपचार नेणारं ‘मुक्तिपथ’ आलं २०१६ साली. मधली २३ वर्षं बहुतेकांना सांभाळलं ते घरच्या बायकांनीच.